पाणी येतं कुठून, सुटतं कधी: युरोपातली कारंजी पाहायला निघण्यापूर्वी

युरोप करून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये ट्रेवीच्या कारंज्याकडे पाठ करून नाणं टाकतानाचा फोटो असतोच. माझ्याही आहे. त्यात मी, माझ्यामागे साठ-सत्तर डोकी आणि त्या डोक्यांवर समुद्रदेवाचा अर्धा चेहरा. पाणी कुठेच दिसत नाही. दुपारी दोनला तिथे पोहोचलं की दुसरं काय मिळणार?

त्यानंतरच्या प्रवासांत मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही कारंज्यापाशी जाण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची: याचं पाणी येतं कुठून, आणि ते सुटतं कधी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर प्रवास फुकट जाऊ शकतो. पहिल्याचं उत्तर ठाऊक असेल तर शिल्पकाराने दगड असाच का घडवला हे तुमचं तुम्हालाच दिसायला लागतं. कारण ही जुनी कारंजी विजेच्या पंपाआधीची आहेत. पाणी जितक्या उंचीवरून येईल तितकाच त्याला दाब, आणि जितका दाब तितकीच शिल्पाची ऐट.

पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून शहरात नळ आणला तो निव्वळ उतारावर. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजंही पंपाविनाच उडायचं. रोममध्ये हेच गणित दोन हजार वर्षांपूर्वी, फार मोठ्या प्रमाणावर मांडलेलं सापडतं. म्हणून या लेखातला निम्म्याहून जास्त भाग रोमला दिला आहे. बाकीची ठिकाणं तुमच्या मार्गात येतील तशी जोडून घ्या.

आधी तारखा, मग विमान

बहुतेक लोक विमानाचं स्वस्त तिकीट पाहतात आणि मग कारंजी शोधतात. क्रम उलटा करा. रोमची कारंजी बाराही महिने वाहतात, पण आल्प्सच्या पलीकडे थंडीत पाणी गोठून नळ फुटतात, त्यामुळे तिकडची बरीच कारंजी हिवाळ्यात बंद असतात. शिवाय काही ठिकाणी पाणीच इतकं मोजकं असतं की उन्हाळ्यातही ते ठरलेल्या वारीच सोडतात.

जर्मनीतल्या कासेलचे जलखेळ १ मे ते ३ ऑक्टोबर, फक्त बुधवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी होतात. पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेतली कारंजी एप्रिल ते ऑक्टोबरअखेर मुख्यतः शनिवार-रविवारी आणि हंगामात काही मंगळवारी उडतात. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळची हेलब्रुनची बाग साधारण वसंतापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडी असते. स्पेनमधल्या ला ग्रान्हाची सगळी कारंजी पाहायची तर वर्षात तीनच दिवस मिळतात: ३० मे, २५ जुलै आणि २५ ऑगस्ट.

आता हे आपल्या सुट्ट्यांवर बसवून पाहा. मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे मेमध्ये निघालात तर जवळजवळ सगळं जमतं, आणि महिनाअखेरीपर्यंत थांबलात तर ३० मेसुद्धा साधता येतो. गणपतीनंतरचा सप्टेंबर माझ्या मते सर्वांत चांगला, कारण ऊन उतरलेलं असतं आणि गर्दीही थोडी ओसरते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र कासेलचा विचार सोडा. व्हर्सायचा हंगाम तेव्हा संपत आलेला किंवा संपलेला असतो. दिवाळीत जाणाऱ्यांनी सरळ रोम आणि त्याच्याजवळचं तिवोली करावं आणि समाधान मानावं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मेमध्ये जाणार असाल तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, कारण मार्च-एप्रिलमध्ये ती मिळवताना नाकी नऊ येतात. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करायचा. मोठ्या माणसाला ९० युरो फी आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. अर्जाला जोडायच्या दिनक्रमात कारंज्यांचे वार आधीच बसवून टाका. पुढे तोच कागद तुमचं वेळापत्रक होतो.

रोमची तीन पाणी

नकाशा उघडण्याआधी तीन नावं लक्षात ठेवा: वेर्जिने, फेलिचे, पाओला. ही रोमच्या तीन जुन्या नळांची नावं. आज बहुतेक कारंज्यांत पाणी पंपाने फिरवतात हे खरं, पण त्यांचे आकार ठरले ते या नळांच्या दाबावर.

वेर्जिने सर्वांत जुना. सम्राट ऑगस्टसचा सेनापती आणि जावई अग्रिप्पा याने तो इ.स.पू. १९ मध्ये आणला. वीस किलोमीटरहून लांब, बहुतेक जमिनीखालून, आणि एवढ्या अंतरात एकूण उतार जेमतेम ४ मीटर. म्हणजे पाणी शहरात पोहोचतं, पण दमून. त्यामुळे वेर्जिनेवरची कारंजी बुटकी, खाली बसलेली असतात. फेलिचे १५८० च्या दशकात पाचवा सिक्स्टस या पोपने आणला. त्याचं मूळ नाव फेलिचे पेरेत्ती, तेच नळाला दिलं. हे पाणी उंचावरून येतं, म्हणून ते टेकड्यांवरच्या वस्तीला पुरलं आणि कारंज्यांत वरही उडालं. पाओला नदीपलीकडचा. सम्राट त्राजानने इ.स. १०९ मध्ये बांधलेला नळ पाचव्या पॉलने दुरुस्त करून घेतला. त्याचं पाणी यानिकुलुम टेकडीच्या माथ्यावरच येऊन पोहोचतं, त्यामुळे तिथे त्याचा अक्षरशः लोंढा कोसळतो.

एवढं डोक्यात ठेवून एक दिवस पायी फिरायचं. चालणं एकूण आठ-नऊ किलोमीटर होतं. बूट जुने, पायात बसलेले घाला.

पहिला टप्पा: ट्रेवी, सकाळी साडेसहाला

हॉटेल जवळपास घ्या किंवा पहाटे टॅक्सी करा, पण साडेसहाला इथे उभे राहा. सफाई कामगार, दोन-चार फोटोवाले आणि एखादं नवविवाहित जोडपं, एवढीच मंडळी असतात. सोमवार टाळा, कारण सोमवारी सकाळी सहसा कुंड रिकामं करून नाणी गोळा करतात. फेब्रुवारी २०२६ पासून दिवसा कुंडाच्या कडेला उतरायला पर्यटकांना २ युरोंचं तिकीट आहे. वरच्या चौकातून पाहणं फुकटच. पहाटे आलात की तिकीट नाही आणि रांगही नाही.

आधी पायऱ्या उतरून कुंडापाशी जा आणि मागे वळून रस्त्याकडे बघा. तुम्ही रस्त्याच्या खाली उभे आहात. दमलेल्या वेर्जिनेला थोडी तरी उडी मारता यावी म्हणून कुंड खाली घेतलंय. पाणी वर उडत नाही, खडकांवरून सांडतं, आणि वास्तुकार निकोला साल्वीने त्या सांडण्याचंच नाट्य उभं केलं. १७३२ मध्ये काम सुरू झालं, ते १७६२ मध्ये पूर्ण झालं तेव्हा साल्वी हयात नव्हता. मधला पुरुष नेपच्यून नव्हे, ओशेनस आहे, गाइडसुद्धा चुकतात. त्याचे दोन घोडे पाहा. एक शांत, दुसरा उधळलेला: समुद्राच्या दोन तऱ्हा.

मग वरच्या दोन उठाव-शिल्पांकडे नजर न्या. डावीकडे अग्रिप्पा नळाच्या आराखड्याला मंजुरी देतोय, उजवीकडे एक कुमारी तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवतेय. वेर्जिने म्हणजे कुमारी, नळाला नाव तिच्यावरून पडलं अशी कथा आहे. म्हणजे कारंज्याने स्वतःच्या पाण्याची जन्मकथा कपाळावर कोरून घेतलीय.

नाणं टाकायचंच असेल तर पाठ करून, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून. हे पैसे पुढे कारितास या धर्मादाय संस्थेला जातात. पाण्यात पाय मात्र बुडवू नका. शिट्टी वाजते, आणि पुढची दंडाची रक्कम सहलीची चव घालवते.

दुसरा टप्पा: टेकडीवरचं पाणी

ट्रेवीपासून व्हिया देल त्रितोनेने सात-आठ मिनिटं चढलं की पियाझ्झा बारबेरिनी लागते (पियाझ्झा म्हणजे चौक). चारी बाजूंनी स्कूटर आणि बस, आणि मधोमध शिल्पकार जान लोरेंझो बेर्निनीचा त्रितोन, म्हणजे अर्धा माणूस-अर्धा मासा असा समुद्रदेव. १६४३ सालचं काम. चार डॉल्फिन डोकं खाली, शेपट्या वर करून उभे, त्यांच्यावर उघडा शिंपला आणि त्यात गुडघे टेकून बसलेला त्रितोन शंख फुंकतोय. शंखातून निघतो तो सूर म्हणजे पाण्याची उभी धार. नुकतीच सांडणारी ट्रेवी पाहिली होती, आणि हे पाणी वर जातंय. फरक नळाचा आहे: आता आपण फेलिचेच्या हद्दीत आलो. व्हिया वेनेतोच्या कोपऱ्यावर बेर्निनीचंच मधमाश्यांचं छोटं कारंजं आहे. मधमाशी हे बारबेरिनी घराण्याचं चिन्ह. दोन मिनिटं पुरतात.

तिथून व्हिया देल्ले क्वात्रो फोन्ताने चढून वर या. चौरस्त्याच्या चार कोपऱ्यांत, चार घरांच्या भिंतीत चार पहुडलेल्या मूर्ती: तिबेर, आर्नो, डायाना, जुनो. फुटपाथ अरुंद आणि गाड्या अंगावर येतात, तेव्हा फोटोसाठी रस्त्याच्या मध्ये उभं राहण्याचा मोह आवरा. डावीकडे वळून सहा-सात मिनिटं चाललं की फेलिचे नळाचं मुख्य कारंजं येतं, म्हणजे मोझेसचं. बांधणी भारदस्त, पण मधला मोझेस इतका आखूड आणि गलेलठ्ठ की रोमकरांनी त्याची तेव्हापासूनच टर उडवली. मला तो आवडतो. देखण्या मूर्तींच्या शहरात एखादी फसलेली मूर्ती दिसली की बरं वाटतं.

जवळच पियाझ्झा देल्ला रेपुब्लिकात १९०१ सालच्या जलपऱ्या आहेत. त्यांच्या उघड्या देहांवरून त्या काळी मोठा गहजब झाला होता. पाहत पाहत मेट्रोत उतरा, ए मार्गाने दोन स्टेशनं, आणि स्पान्याला बाहेर या.

तिसरा टप्पा: बुडती होडी आणि दाढीवाली गंगा

स्पॅनिश पायऱ्यांच्या पायथ्याशी बार्काच्चा आहे. १६२० च्या दशकातलं हे काम बेर्निनीच्या वडिलांचं, पिएत्रो बेर्निनीचं. इथे पुन्हा वेर्जिने, पुन्हा दाब नाही. उंच कारंजं शक्यच नव्हतं. म्हाताऱ्याने काय केलं? अर्धी बुडालेली होडी घडवली आणि ती जमिनीपेक्षा खाली बसवली. होडीत पाणी भरतं, कडांवरून झिरपतं. दाब नसणं हेच इथे शिल्पाचा विषय झालंय. १५९८ च्या पुरात एक होडी इथवर वाहून आली होती, त्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. रोममधलं सर्वांत हुशार कारंजं कोणतं असं विचारलंत तर मी ट्रेवी नाही, हेच सांगेन. होडीच्या दोन्ही टोकांना पाणी पिता येतं. पायऱ्यांवर बसायला मात्र २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो.

जेवण इथेच आसपास उरका आणि पँथिऑनवरून चालत पियाझ्झा नवोनाला या. वीस मिनिटं. चौकाच्या मधोमध चार नद्यांचं कारंजं, बेर्निनीने १६५१ मध्ये पूर्ण केलेलं. पोकळ खडक, त्यावर एवढा मोठा ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी दगडी स्तंभ, आणि खडकाच्या चार कोपऱ्यांवर चार खंडांच्या चार नद्या: डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा.

मी आईला मुद्दाम इथे घेऊन गेलो. म्हटलं, शोध गंगा कुठली. तिने चारही बाजूंनी प्रदक्षिणा घातली आणि वैतागून म्हणाली, "अरे, इथे बाई एकही नाही." बरोबरच होतं तिचं. ग्रीक-रोमन परंपरेत नदी हा पुरुष. त्यामुळे इथली गंगा चांगली दाढीवाली, पिळदार अंगाची, हातात लांबलचक वल्हं घेतलेली. वल्हं कशासाठी, तर ही नदी नावा चालण्याजोगी आहे म्हणून. क्लोद पूसँ या शिल्पकाराने ती घडवली. आईने दाढीकडे पाहून घेतलं, हात जोडले आणि म्हणाली, "असू दे, पाणी तेच."

नाईलचं डोकं वस्त्राने झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपियनांना ठाऊक नव्हता. प्लाताचा हात वर उचललेला आहे. समोरचं वास्तुकार बोरोमिनीचं चर्च अंगावर पडेल या भीतीने तो उगारला, अशी चेष्टा सगळे गाइड सांगतात. चर्चचं काम १६५२ मध्ये, म्हणजे कारंज्यानंतर सुरू झालं, तेव्हा हसा आणि सोडून द्या. खरी कडवट गोष्ट वेगळी आहे. दुष्काळाच्या दिवसांत या ओबेलिस्कवर खर्च होतोय म्हणून लोकांनी निषेधाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या: आम्हाला कारंजी नकोत, पाव हवा.

चौकाच्या दोन टोकांना आणखी दोन कारंजी आहेत. पाय बोलायला लागले असतील तर लांबूनच नमस्कार करा, पण पुढचं चुकवू नका. लार्गो अर्जेंतिनापलीकडे, ज्यूंच्या जुन्या वस्तीला लागून, पियाझ्झा मात्तेई नावाचा अंगणाएवढा चौक आहे. तिथलं कासवांचं कारंजं १५८० च्या दशकातलं. चार किशोर हात उंचावून उभे आहेत. मूळ आराखड्यात त्यांच्या हाताशी आणखी चार डॉल्फिन येणार होते, पण वेर्जिनेला तेवढा दाब कुठला? डॉल्फिन रद्द झाले आणि हात रिकामेच राहिले. जवळजवळ सत्तर वर्षांनी, १६५८ मध्ये, त्या हातांवर कासवं आली. बहुधा बेर्निनीचीच. आता असं वाटतं की पोरं कासवांना वरच्या थाळीत पाणी प्यायला चढवतायत. एक कासव १९७९ मध्ये चोरीला गेलं. आज दिसतात त्या प्रतिकृती.

चौथा टप्पा: सूर्यास्ताला लोंढा

मात्तेईतून पोन्ते सिस्तोवर या, नदी ओलांडा, त्रास्तेवेरेतून व्हिया गारिबाल्दीचा चढ धरा. पंधरा मिनिटांची दमछाक आहे. बरोबर वयस्कर माणसं असतील तर इथे टॅक्सीच करा, हट्ट नको. वर फोन्ताना देल्ल आक्वा पाओला आहे. रोमकर तिला नुसतं 'फोन्तानोने' म्हणतात, म्हणजे थोरलं कारंजं. १६१२ सालचं. पाच कमानी, त्यांतून पाणी धबधब्यासारखं खाली येतं आणि आवाज असा की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. दिवसभर वेर्जिनेचं कुजबुजणं ऐकलेलं असतं, म्हणून हा आवाज जास्तच भिडतो. कारंज्याकडे पाठ केली की खाली सगळं रोम संध्याकाळच्या उन्हात. इथे मात्र पाठ करायला हरकत नाही.

दिवसभरात पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्तोरस्ती बिडाच्या खांबासारखे नळ दिसतील. त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. १८७४ पासूनचे, आज सुमारे अडीच हजार आहेत, आणि पाणी पिण्याचं. वाकून तोंड लावायची गरज नाही: तोटीचं तोंड बोटाने दाबा, वरच्या बारीक भोकातून धार वर उडते. पहिल्या वेळी जरा लांबूनच. माझा चष्मा आणि शर्ट दोन्ही धुतले गेले होते.

तिवोली: एक अख्खा दिवस

रोमच्या दुसऱ्या दिवशी व्हिला देस्ते. रोमा तिबुर्तिना स्टेशनवरून तिवोलीची लोकल मिळते, तासाभराचा प्रवास आणि उतरून पंधरा-वीस मिनिटं चालणं. किंवा मेट्रो बी मार्गावरच्या पोन्ते माम्मोलोहून कोत्रालची बस. बसचं परतीचं तिकीट आधीच घेऊन ठेवा. सोमवारी सकाळी व्हिला बंद असतो.

इप्पोलितो देस्ते नावाचा कार्डिनल पोप व्हायच्या खटपटीत होता. ते जमलं नाही, १५५० मध्ये तिवोलीचा कारभार मिळाला. त्याने डोंगराचा उतार खोदून बाग केली आणि अनिएने नदीचं पाणी गावाखालून बोगद्याने आणलं. एक्कावन्न कारंजी, तीनशेहून जास्त धारा, चौसष्ट धबधबे, आणि जुन्या रचनेत एकही पंप नाही. पाणी वरून शिरतं आणि थरथरांनी उतरत जातं.

चालण्याचा क्रम महत्त्वाचा. प्रवेश वरच्या महालातून आहे. तिथली भित्तिचित्रं भरभर पाहा. मग शंभर कारंज्यांच्या वाटेने आडवं चाला: एका लांबच लांब शेवाळलेल्या भिंतीतून शेकडो बारीक धारा, उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. तिच्या एका टोकाला अंडाकृती कारंजं, तिथे पाण्याच्या पडद्यामागून चालता येतं. दुसऱ्या टोकाला छोटं रोम, त्यात होडीच्या आकाराचं बेट. तिथून उतरून वाद्याच्या कारंज्यापाशी या. साडेदहापासून साधारण दर दोन तासांनी ते वाजतं. पाणी कोसळताना खेचलेली हवा नळ्यांत कोंडते आणि तीच ऑर्गनमधून सूर होऊन निघते. सोळाव्या शतकात लोकांना आत कुणीतरी लपून वाजवतंय असं वाटलं तर नवल नाही. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, सावलीची जागा मिळते.

खाली उतरलेलं सगळं परत चढायचं आहे, हे गुडघेदुखीवाल्यांनी आधीच ध्यानात घ्यावं. त्याच दिवशी जवळचा रोमन सम्राट हेड्रियनचा व्हिलाही उरकू, असं प्रवासी कंपन्या सुचवतात. मेच्या उन्हात दोन्ही केलेत तर दोन्हीही लक्षात राहणार नाहीत.

कासेल: पाण्याबरोबर चालायचं

रोमनंतर एकच जागा जोडायची असेल तर मी कासेल सांगेन. फ्रँकफुर्टहून वेगवान गाडीने दीड तास, त्यामुळे जर्मनीत नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींकडे जाणाऱ्या आईवडिलांना तर अगदी सोयीचं. मी पहिल्यांदा गेलो तो मंगळवारी. डोंगरावर हर्क्युलिसचा पुतळा, खाली लांबच लांब कोरड्या पायऱ्या, आणि त्यांवर एक कावळा. दुसऱ्या दिवशी बुधवार होता, म्हणून एक रात्र जास्त काढली आणि ती सार्थकी लागली.

इथे कारंजं एका जागी उभं राहून पाहायचं नसतं. दुपारी अडीचला हर्क्युलिसपाशी पाणी सोडतात आणि ते जसं उतरेल तसं गर्दीनेही उतरायचं. पाणी पायऱ्यांवरून थर ओलांडत येतं, नंतर ३:०५ ला श्टाइनहोफरच्या खडकांवर, ३:२० ला सैतानाच्या पुलाखाली, ३:३० ला मुद्दाम पडका बांधलेला जलसेतू. त्याच्या तुटक्या टोकावरून पाणी खाली झेपावतं. आणि ३:४५ ला महालासमोरच्या तळ्यातून सुमारे ५० मीटर उंच एकच झोत. पंप इथेही नाही. पाणी वरच्या तलावांत साठवलेलं असतं, माणसं ठरल्या वेळी झडपा उघडतात, आणि उंचीचा फरक एवढा की धार झाडांच्या वर जाते. शेकडो माणसं न बोलता पाण्याच्या मागोमाग चालताना पाहून मला वारीची आठवण झाली, फक्त टाळ नव्हते.

व्यवहाराचं: ट्राम ४ ने द्रुझेलतालला जा, तिथून बस २२ वर हर्क्युलिसला. म्हणजे चढ बस चढेल, तुम्ही फक्त उतराल. पाहायला पैसे लागत नाहीत. २०१३ पासून हा सगळा डोंगर जागतिक वारशात आहे. पहिला टप्पा अगदी जवळून पाहायच्या नादात मागे पडलात तर शेवटचा झोत चुकेल. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं आणि पुढे.

बाकीची, थोडक्यात

व्हर्सायला पाण्याची गोष्ट उलटी आहे. चौदाव्या लुईने जागा निवडली ती अशी, जिथे पाणीच नव्हतं. १६८४ मध्ये सीन नदीवर मार्ली इथे चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवून पाणी टेकडीवर चढवलं, तरीही पुरेना. मग राजा ज्या वाटेने फिरे त्या वाटेवरची कारंजी तेवढी सोडायची आणि तो पुढे गेला की बंद करायची. कर्मचारी एकमेकांना शिट्टीने खुणावत. आपल्याकडे मंत्र्याच्या दौऱ्यापुरते रस्ते चकाचक होतात, तसंच. आजही कारंजी दिवसभर चालत नाहीत: सकाळी एक फेरी, दुपारी एक, आणि अशा दिवशी बागेलाही वेगळं तिकीट. फाटकावर नकाशा मिळतो, त्यावर वेळा असतात. आधी झाडांच्या भिंतींआडची छोटी दालनं पाहा, लातोना आणि अपोलो ही दोन मोठी कारंजी मधल्या वेळात घ्या, आणि शेवटी नेपच्यूनच्या कुंडापाशी जागा धरा. महाल दुसऱ्या दिवशी.

ला ग्रान्हा सेगोव्हियाहून बसने अर्ध्या तासाच्या आत. तीन तारखांपैकी एखादी जमली तर फामा नावाच्या कारंज्याच्या अवतीभवती उभं राहायला छत्री न्या. तिची धार चाळीस मीटरच्या वर जाते आणि वारा फिरला की सगळा चौक भिजतो. स्थानिक लोक त्यासाठीच येतात.

जिनिव्हाचा झोत शोभेसाठी जन्मलाच नव्हता. १८८६ मध्ये कारखान्यांना दाबाने पाणी पुरवणाऱ्या केंद्रात संध्याकाळी यंत्रं बंद झाली की दाब वाढायचा. तो सोडायला केलेली ती वाफेच्या शिट्टीसारखी सोय. गावाला आवडली, म्हणून १८९१ मध्ये तलावाच्या तोंडाशी हलवली. आज सेकंदाला ५०० लिटर पाणी १४० मीटर उंच जातं. वारा जोराचा असला की बंद ठेवतात, तेव्हा फक्त त्याच्यासाठी जिनिव्हाला जाऊ नका. स्वित्झर्लंडच्या गाड्या बदलताना दोन तास हाताशी असतील तर जरूर.

लहान मुलं बरोबर असतील तर साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनवरून बस २५ पकडून हेलब्रुनला जा. मार्कुस सिट्टिकुस या आर्चबिशपने १६१० च्या दशकात पाहुण्यांची फजिती करायला ही बाग बांधली. दगडी टेबलाभोवती दगडी बैठका, प्रत्येक बैठकीत एक छिद्र. जेवण रंगात आलं की तो कळ फिरवायचा, आणि यजमान उठल्याशिवाय पाहुण्यांनी उठायचं नाही हा रिवाज असल्याने पाहुणे भिजत बसायचे. कोरडी जागा एकच, त्याची स्वतःची. पाण्यावर चालणारं १७५२ सालचं बाहुल्यांचं नाट्यगृहही आहे: सुतार, खाटीक, शिपाई, दोनशेच्या आसपास बाहुल्या एकाच वेळी हलतात. फेरी गाइडबरोबरच होते, आणि कळ त्याच्याच हातात असते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मुलांचे एक जोडी कपडे सॅकमध्ये ठेवा, आणि गाइडने टेबलापाशी बसायला कुणाला तरी बोलावलं की हात वर करण्याआधी जमिनीकडे बघा: फरशी जिथे ओली, तिथे उभं राहू नका.